इंजिनाच्या तेलाची निवड

आमच्या पंचक्रोशींत ज्याच्या दारांत ट्रॅक्टर नाहीं असा बागाईतदार आतां विरळा, आणि ट्रॅक्टराच्या शेजारीं मोटार उभी असणें ही गोष्टहि नवलाची राहिलेली नाहीं. खत घेतांना पोत्यावरील नत्र, स्फुरद व पालाश यांचे आंकडे वाचल्यावांचून आपण पोतें उचलीत नाहीं. बियाण्याची चौकशी चार ठिकाणीं करितों. परंतु लाखों रुपयांच्या यंत्रांत जें तेल ओतावयाचें, त्याच्या डब्यावर काय लिहिलें आहे हें पाहण्याचे श्रम आपल्यापैकीं फार थोडे लोक घेतात. 'चांगल्यापैकीं एक डबा द्या' एवढें सांगून आपण मोकळे होतों, व दुकानदार देईल तें तेल इंजिनांत जातें.

ह्या बेफिकिरीची किंमत आम्हीं स्वतः मोजली आहे. घरीं दोन ट्रॅक्टर असल्यामुळें त्यांच्या तेलाची वीस लिटरांची बादली आणून ठेवण्याचा आमचा परिपाठ होता. २०२० च्या अखेरीस आम्हीं डिझेलवर चालणारी मोटार घेतली. हमीची मुदत संपतांच 'डिझेलचें इंजिन तें डिझेलचेंच इंजिन' असा हिशेब करून त्याच बादलींतील तेल आम्ही मोटारींतहि घालूं लागलों. तेल बनावट नव्हतें, हलक्या प्रतीचेंहि नव्हतें. ट्रॅक्टरांस तें उत्तम मानवलें होतें. मोटारहि कांहीं काळ सुखानें चालली. पुढें धुराच्या गाळणीचा दिवा वरचेवर लागूं लागला, गाडीची ओढ कमी झाली, आणि अखेरीस एके दिवशीं बाजार समितीच्या रस्त्यावर तिनें वेग घेण्याचेंच सोडलें. गाळणी राखेनें भरली होती. ती बदलण्यांत त्या वर्षींच्या कांद्याचे बहुतेक पैसे गेले. तेल हें एकच कारण झालें असें आम्ही म्हणत नाहीं. गांवांतल्या गांवांत मारलेल्या आंखूड फेऱ्यांनींहि आपला वांटा उचलला. परंतु गाळणींत जी राख सांचली ती मुख्यतः आमच्याच हातानें ओतलेल्या तेलाची होती.

तेव्हांपासून आम्हीं ह्या विषयाची जी माहिती करून घेतली ती वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. तिचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: 'सर्वांत उत्तम तेल' अशी वस्तु जगांत नाहीं; अमुक इंजिनास योग्य तें तेल, एवढेंच काय तें आहे. आणि तें योग्य आहे कीं नाहीं हें डब्यावरील दोन लहानशा ओळींवरून कोणाहि साक्षर मनुष्यास ठरवितां येतें.

तेलाचें काम.— बैलगाडीच्या आंसास वंगण घालीत असूं तेव्हां त्याच्याकडून अपेक्षा एकच होती. चाक न कुरकुरतां फिरावें. इंजिनांतील तेलास याहून पुष्कळ अधिक कामें करावीं लागतात. फिरणारा दांडा व त्याचें बेअरिंग यांच्यामध्यें केसाहूनहि बारीक असा तेलाचा थर असतो, आणि दांडा त्या थरावर अक्षरशः तरंगत असतो. दट्ट्याच्या तळाची उष्णता तेलच वाहून नेतें. दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांतील फट तेंच भरून काढतें. जळण जळतांना काजळी, आम्ल व पाण्याची वाफ हीं उत्पन्न होतात. काजळीचे कण गोळा होऊं न देतां अंगांत धरून ठेवणें, आम्ल मारणें व गंज न चढूं देणें हेंहि तेलाचेंच काम.

हीं सर्व कामें नुसतें तेल करूं शकत नाहीं. डब्यांतील बहुतेक भाग मूळ तेलाचा असला तरी त्यांत निरनिराळीं औषधें मिसळलेलीं असतात. कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार मळ धुतात व आम्ल मारतात. जस्त व स्फुरद यांचें संयुग धातूवर पातळ पापुद्रा धरून झीज थांबवितें. मोटारीच्या आरंभकाळीं एरंडेलाचाहि ह्या कामीं मोठा उपयोग होत असे. कॅस्ट्रॉल हें नांवच १९०९ सालीं एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरून पडलें, आणि पहिल्या महायुद्धांतील पुष्कळ विमानांचीं इंजिनें एरंडेलावर चालत. पण एरंडेल तापून चिकट होतें व डिंकासारखें सांचतें, म्हणून तें मागें पडलें. सांगण्याचा हेतु इतकाच कीं, आजचें तेल म्हणजे निव्वळ गुळगुळीत पदार्थ नव्हे. खताप्रमाणेंच तें मोजून बनविलेलें मिश्रण आहे, आणि त्यांतील औषधें कामांत खर्ची पडतात. तीं संपलीं म्हणजे तेल दिसावयास पुरेसें असलें तरी निकामी झालेलें असतें.

पहिली ओळ: दाटपणाचे आंकडे.— डब्यावर '१५डब्ल्यू-४०', '५डब्ल्यू-३०', '०डब्ल्यू-२०' असे आंकडे असतात. हे दाटपणाचे होत. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांची एसएई ही संस्था १९०५ सालीं स्थापन झाली व तिनें १९११ सालीं तेलांची ही वर्गवारी सुरू केली. पुढें तींत वेळोवेळीं सुधारणा होत गेल्या.

यांतील दुसरा आंकडा आधीं पाहूं. तेल १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावर किती दाट राहतें हें तो सांगतो. '३०' म्हणजे त्या उष्णतेंत तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान, व '४०' म्हणजे १२.५ ते १६.३ च्या दरम्यान. आंकडा जितका मोठा तितकें तापलेलें तेल दाट. चालू इंजिनांतील तेल साधारणपणें ह्याच उष्णतेच्या आसपास असतें, म्हणून बेअरिंगमधील थराची जाडी ह्या आंकड्यावर अवलंबून राहते.

पहिल्या आंकड्यापुढील 'डब्ल्यू' हें अक्षर इंग्रजींतील हिंवाळ्याच्या शब्दाचें आद्याक्षर आहे. थंडींत इंजिन फिरूं शकेल काय व तेल पंपानें चढेल काय, याची परीक्षा ह्या आंकड्यानें कळते. येथें आंकडा जितका लहान तितकें तेल थंडींत पातळ. १५डब्ल्यू तेलाची इंजिन फिरविण्याची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात, ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांवर. कोणी म्हणेल, आमच्या महाराष्ट्रांत उणे वीस अंश कोठून आणावयाचे? निफाडकडे कडाक्याच्या थंडींत पारा चार-पांच अंशांवर येतो तेव्हांच द्राक्षांची काळजी वाटूं लागते. हें खरें आहे. ह्या प्रांतांत तेल गोठेल ही भीति नाहीं. तथापि पहांटे इंजिन सुरू केल्यापासून तेल वरच्या भागांत पोंचेपर्यंत जे क्षण जातात ते झिजेचे क्षण होत, आणि थंडपणीं पातळ असणारें तेल तेथें लवकर पोंचतें. म्हणून पहिला आंकडा आमच्याकडे जीवनमरणाचा नसला तरी निरर्थकहि नाहीं.

एकाच तेलास दोन आंकडे कसे, असा प्रश्न येथें उपस्थित होईल. सर्वच तेलें तापलीं म्हणजे पातळ होतात. थंडींत पातळ असणारें तेल उन्हांत पाण्यासारखें होऊं नये म्हणून त्यांत लांब सांखळीचे रेणू मिसळतात. ते थंडपणीं गुंडाळून पडलेले असतात व तापले म्हणजे उलगडून तेलास दाटपणा देतात. इंजिनाच्या रगाड्यांत ह्या सांखळ्या हळूहळू तुटतात. जुन्या तेलाचा दाटपणा घटण्याचें हें एक कारण होय. नुसता '४०' असा एकेरी आंकडा असलेलें तेल थंडपणीं बरेंच दाट असतें. जुन्या, संथ चालणाऱ्या कांहीं इंजिनांसच तें सांगितलेलें असतें.

दाट तेलाचा मोह.— 'आमच्याकडे उन्हाळा कडक, तेव्हां तेल दाटच पाहिजे' असा समज सर्वत्र आहे, व पुष्कळ मिस्त्रीहि तो वाढवितात. चंद्रपूर, जळगांवकडे उन्हाळ्यांत हवा पंचेचाळीस अंशांवर जाते हें खरें. पण इंजिनांतील तेल कोणत्याहि ऋतूंत त्याहून कितीतरी अधिक तापलेलें असतें, आणि थंड करण्याची व्यवस्था नीट असेल तर त्यांत फारसा चढउतार होत नाहीं. हवेप्रमाणें तेल बदलावयाचें असल्यास पुस्तकांत तसा तक्ता दिलेला असतो. तो सोडून मनानें दाट तेल घालणें म्हणजे हरभऱ्यास उंसाचें पाणी देण्यासारखें आहे.

पेट्रोलच्या अलीकडील पुष्कळ मोटारींस ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ असें फार पातळ तेल सांगितलेलें असतें. तें पाहून जुन्या मनुष्यास धास्ती वाटते. परंतु ह्या इंजिनांतील फटी व तेलाच्या वाटा त्याच मापाच्या ठेवलेल्या असतात, आणि व्हॉल्व्ह उघडण्याच्या वेळा मागेंपुढें करणारी यंत्रणाहि तेलाच्या दाबावर चालते. त्यांत २०डब्ल्यू-५० ओतल्यास तेल वर चढावयास वेळ लागतो, ही यंत्रणा अडखळते आणि पेट्रोल अधिक जातें. याच्या उलट, नांगरणी व रोटाव्हेटर यांचा भार तासन्‌तास ओढणाऱ्या ट्रॅक्टरांत ०डब्ल्यू-२० घातलें तर बेअरिंगमधील थर त्या भाराखालीं टिकावयाचा नाहीं. पुष्कळ ट्रॅक्टरांस १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० सांगितलेलें असतें तें उगीच नव्हे.

इंजिन झिजून तेल खाऊं लागलें म्हणजे एक पायरी दाट तेल घालून वेळ मारून नेतात. तो उपाय कांहीं दिवस चालतो, पण तो उपचार आहे, निवड नव्हे. कड्या व सिलिंडर यांची दुरुस्ती त्यानें टळत नाहीं.

दुसरी ओळ: गुणाचीं अक्षरें.— दाटपणाचा आंकडा जुळला म्हणजे काम झालें असें नाहीं. पोत्याचें वजन सारखें असलें तरी आंतील खत निराळें असूं शकतें. त्याचप्रमाणें १५डब्ल्यू-४० ह्याच आंकड्याचीं दोन तेलें गुणानें अगदीं भिन्न असूं शकतात. हा भेद दाखविण्यासाठीं अमेरिकेंतील एपीआय ह्या पेट्रोलियम संस्थेचीं अक्षरें डब्यावर छापलेलीं असतात.

'एस' ह्या अक्षरानें आरंभ होणारे वर्ग पेट्रोलच्या इंजिनांचे. 'सी' ह्या अक्षरानें आरंभ होणारे डिझेलच्या इंजिनांचे. दुसरें अक्षर इंग्रजी वर्णमालेंत जितकें पुढचें तितका तो वर्ग अलीकडचा. पेट्रोलच्या तेलांत एसएन २०१० सालीं, एसपी २०२० सालीं व एसक्यू २०२५ सालीं आला. डिझेलच्या तेलांत सीएफ-४ १९९० सालीं, सीएच-४ १९९८ सालीं, सीआय-४ २००२ सालीं, सीजे-४ २००६ सालीं व सीके-४ २०१६ सालीं आला. सामान्यतः पुस्तकांत सांगितलेल्या वर्गाहून पुढच्या वर्गाचें तेल चालतें, मागच्या वर्गाचें चालत नाहीं. पुस्तकांत सीआय-४ लिहिलें असतां स्वस्त मिळतें म्हणून सीएफ-४ चा डबा उचलणें ही काटकसर नव्हे.

ह्या नियमासहि अपवाद आहे. सीके-४ बरोबरच २०१६ सालीं एफए-४ नांवाचा वर्ग निघाला. तो मुद्दाम पातळ ठेवलेला असून कांहीं नवीन मालमोटारींपुरता आहे. 'नवें तें चांगलें' म्हणून तें तेल जुन्या इंजिनांत घालूं नये. तसेंच कांहीं डब्यांवर 'सीआय-४/एसएल' अशीं दोन्हीं प्रकारचीं अक्षरें असतात. अशा तेलानें दोन्ही परीक्षा दिलेल्या असतात, मात्र तीं अक्षरें आपल्या पुस्तकाशीं जुळलीं पाहिजेत.

युरोपांतील मोटार कारखानदारांच्या एसीईए ह्या संघाची वर्गवारी याहून वेगळी असून तींत 'सी२', 'सी३' असे वर्ग येतात. डिझेलच्या नव्या मोटारींच्या पुस्तकांत हे वर्ग बहुधा आढळतात. एपीआयची 'सीआय-४' आणि एसीईएची 'सी३' यांतील 'सी' एकच समजूं नये. आमची फसगत येथेंच झाली.

धुराची गाळणी व तेलाची राख.— १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत नव्या मोटारींस भारत स्टेज सहा हे धुराचे नियम लागू झाले. ते पाळण्यासाठीं डिझेलच्या मोटारींत धूर जाण्याच्या वाटेवर एक बारीक छिद्रांची गाळणी बसवितात; तिलाच डीपीएफ म्हणतात. तींत काजळी अडकते. गाडी मोठ्या रस्त्यावर कांहीं वेळ सलग चालली म्हणजे गाळणी अधिक तापवून ती काजळी जाळून टाकण्याची योजना केलेली असते.

परंतु प्रत्येक इंजिनांत थोडें तेल जळतच असतें, आणि वर सांगितलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम व जस्त हे कांहीं जळून नाहींसे होत नाहींत. चुलींतील लांकूड जळून जातें पण राख उरते, तसाच हा प्रकार आहे. चुलींतील राख रोज सकाळीं काढतां येते. गाळणींतील राख गाडी चालवून जात नाहीं. ती थराथरानें सांचते आणि काजळीस जागा कमी कमी उरते. म्हणून अशा मोटारींस कमी राखेचें तेल सांगितलेलें असतें. एसीईएच्या सी२ व सी३ वर्गांत राखेची मर्यादा शेंकडा ०.८ आहे, एपीआयच्या सीजे-४ व सीके-४ वर्गांत ती शेंकडा १ आहे. सीआय-४ वर्गांत अशी मर्यादाच घातलेली नाहीं.

मग ट्रॅक्टराच्या तेलांत हे क्षार अधिक कां घालतात? डिझेलमधील गंधक जळून आम्ल होतें व तें मारण्यासाठीं हेच क्षार लागतात. पूर्वींच्या डिझेलांत गंधक पुष्कळ असे. भारत स्टेज चारच्या डिझेलांत तें एका किलोग्रॅमांत ५० मिलिग्रॅमपर्यंत चाले, स्टेज सहाच्या डिझेलांत १० मिलिग्रॅमपर्यंतच चालतें. गाळणी नसलेल्या व दिवसभर भार ओढणाऱ्या इंजिनास क्षारांचा भरपूर सांठा हा गुण आहे. गाळणी असलेल्या मोटारीस तोच दोष होतो. आमच्या बादलींतील तेल वाईट नव्हतें. जागा चुकली होती. नव्या ट्रॅक्टरासहि अशी गाळणी बसविलेली असल्यास त्यासहि कमी राखेचेंच तेल लागेल, हें विकत घेतेवेळींच विचारून घ्यावें.

पेट्रोलच्या मोटारीचें नाजुक स्थान निराळें आहे. तिच्या धुराच्या नळींत वायु शुद्ध करणारा जो उत्प्रेरक असतो तो स्फुरदानें निकामी होतो. म्हणून पेट्रोलच्या आधुनिक पातळ तेलांत स्फुरदाचें प्रमाण मर्यादित ठेविलेलें असतें, आणि निव्वळ डिझेलसाठीं बनविलेलें तेल तींत घालूं नये.

खनिज कीं सिंथेटिक?— साधें खनिज तेल जमिनींतील कच्च्या तेलापासून शुद्ध करून काढतात. सिंथेटिक तेलांत मूळ तेलावर रासायनिक क्रिया अधिक खोल केलेल्या असतात. त्यामुळें तें थंडींत अधिक पातळ राहतें, उष्णतेंत लवकर बिघडत नाहीं व कमी उडतें. हे गुण खरे आहेत. ०डब्ल्यू किंवा ५डब्ल्यू आंकड्याचें चांगलें तेल बहुधा याच प्रकारचें असतें. परंतु 'सिंथेटिक' हा शब्द म्हणजे वर्गाचें प्रमाणपत्र नव्हे. पुस्तकाशीं जुळणारें खनिज तेल, न जुळणाऱ्या महाग सिंथेटिक तेलाहून शतपट बरें. जेथें पुस्तकांत खनिज तेल सांगितलें आहे व तेल वेळेवर बदललें जातें, तेथें दुप्पट पैसे देण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

एकच डबा सर्व यंत्रांस नको.— घरांत मोटारसायकल असतेच. तिच्या बहुतेक जातींत इंजिन, गिअर व क्लच हीं तिन्हीं एकाच तेलांत बुडालेलीं असतात. मोटारीच्या पातळ तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या औषधांनीं असा क्लच घसरतो. म्हणून मोटारसायकलीच्या डब्यावर जपानी वर्गवारीचें 'जेएएसओ एमए' हें चिन्ह पाहावें. ट्रॅक्टराच्या इंजिनाचें तेल व त्याच्या गिअरपेटीचें तेल हींहि एक नव्हेत. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअर, हायड्रॉलिक व तेलांत बुडालेले ब्रेक यांना मिळून एकच खास तेल असतें. त्याऐवजीं दुसरें घातल्यास ब्रेक किरकिरतात व धरीनासे होतात. चढावर भरलेली ट्रॉली मागें असतां हा प्रयोग महागांत पडेल, हें सांगावयास नकोच.

निवडीनंतरची काळजी.— योग्य तेल निवडून पुढें त्याकडे दुर्लक्ष केल्यास निवडीचा उपयोग नाहीं. यंत्र सपाट जागीं उभें करून, इंजिन बंद केल्यावर कांहीं मिनिटांनीं, पट्टीवर तेल पाहावें. खालच्या खुणेखालीं तेल जाऊं देऊं नये, वरच्या खुणेपलीकडे भरूंहि नये; अधिक तेल फिरत्या दांड्यानें घुसळलें जाऊन त्याचा फेस होतो. तेल बदलण्याची मुदत मोटारीस किलोमीटर व महिने यांत, ट्रॅक्टरास तासांत दिलेली असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत ती २५० तास आहे. गाडी कमी चालली तरी महिन्यांची मुदत पाळावी, कारण आंखूड फेऱ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं व जळण आणि पाणी तेलांतच राहतें. तेलाबरोबर ऑइल फिल्टरहि बदलावा. आणि धुळींत काम करणाऱ्यांनीं हवेची गाळणी आधीं संभाळावी. बारीक धूळ इंजिनांत शिरली तर जगांतील कोणतेंहि तेल तें इंजिन वांचवूं शकणार नाहीं.

तेलाच्या रंगाविषयींहि गैरसमज आहे. डिझेलच्या इंजिनांत नवें तेल थोड्याच तासांत काळें होतें. हें तेल बिघडल्याचें लक्षण नसून तें काजळी अंगांत धरीत असल्याची खूण आहे. भिण्याचीं लक्षणें निराळीं. तेल ताकासारखें पांढुरकें दिसल्यास त्यांत पाणी किंवा कूलंट शिरलें आहे. पट्टीवर तेल आपोआप वाढलेलें दिसून डिझेलचा वास येत असल्यास त्यांत डिझेल मिसळत आहे. अशा वेळीं तेल बदलून भागत नाहीं; कारण शोधलें पाहिजे.

बनावट तेलाचें भय सर्वांस आहे. डबा मोहोरबंद असावा, ओळखीच्या दुकानांतून पावती घेऊन आणावा. तेल भरल्यावर रिकामा डबा भंगारवाल्यास तसाच न देतां त्यास भोंक पाडून द्यावा. कारण चांगल्या नांवाचे रिकामे डबेच भरून पुन्हा बाजारांत येतात. तेल मिस्त्रीनें बदलल्यास आपल्या डोळ्यांदेखत मोहोर फोडावयास सांगण्यांत संकोच धरूं नये.

जळकें ऑइल.— काढलेलें तेल कोठें जातें याचाहि विचार हवा. तें बांधावर, ओढ्यांत किंवा विहिरीजवळ ओतूं नये. थोडेंसें तेल पुष्कळ पाणी नासवितें. खांबांस वाळवी लागूं नये म्हणून तें फांसण्याची किंवा जनावरांच्या जखमेवर लावण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे, तीहि सोडून द्यावी. वापरलेल्या तेलांत जळणापासून झालेलीं कर्करोगकारक द्रव्यें असतात. हातास लागल्यास साबणानें धुवावें. असें तेल पुन्हा शुद्ध करून वापरतां येतें, आणि त्याच्या संकलनाची जबाबदारी तेल उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून अंमलांत आले आहेत. झांकणाच्या डब्यांत सांठवून तें परवानाधारक संकलकाकडे पोंचेल अशा ठिकाणीं द्यावें.

असो. इतकें वाचून ज्यास सर्व ध्यानांत ठेवणें अवघड वाटेल त्यानें एवढेंच करावें. आज सायंकाळीं घरांतील प्रत्येक यंत्राचें पुस्तक काढावें. हरवलें असल्यास विक्रेत्याकडून मिळवावें. एका वहींत प्रत्येक यंत्रापुढें चार गोष्टी लिहाव्या: दाटपणाचा आंकडा, गुणाचीं अक्षरें, तेल किती लिटर लागतें, आणि किती तासांनीं अथवा किलोमीटरांनीं बदलावयाचें. ती वही घेऊन दुकानांत जावें व डब्यावरील दोन ओळी तिच्याशीं जुळवून पाहाव्या. जुळल्या तर डबा घ्यावा. न जुळल्या तर किंमत कितीहि मोठी किंवा कितीहि लहान असो, तो खालीं ठेवावा. आमच्या घरीं ती वही आतां बियाण्याच्या पावत्यांशेजारीं असते, आणि ट्रॅक्टराच्या बादलीवर मुलांनीं रंगानें ठळक लिहून ठेविलें आहे: 'मोटारीसाठीं नव्हे'.